वाळूची दोन पोती

मोठ्या कंपनीचे वय झाले की तिला कृतज्ञता वाटू लागते. इंग्लंडात वॉरिकशायरमधल्या एका मोटार कंपनीला ती वाटू लागली, तेव्हा रीतीप्रमाणे आधी समिती नेमण्यात आली. चिखलातून, ओढ्यातून आणि मेंढरांच्या वाटेवरून चढणारी या कंपनीची चौकोनी गाडी जगभर गाजली होती. ती कशी जन्मली, हे कंपनीच्या संग्रहालयात आधीपासूनच लिहिलेले होते. थोरले मालक सर ऑब्रे यांनी एका मेजवानीत, मटण आणि पुडिंग यांच्या मधल्या वेळात, टेबलावरच्या रुमालावर तिचे चित्र काढले. तो रुमाल काचेच्या पेटीत आहे. त्यावर एक चौकोन आणि रश्श्याचा एक डाग आहे. डाग म्हणजे स्टेपनी, असे तज्ज्ञांचे मत आहे.

समितीने बराच अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की रुमाल आणि गाडी यांच्या मध्ये काही माणसे असली पाहिजेत. रुमाल आपण होऊन डोंगर चढत नाही. तेव्हा ज्या इंजिनिअरांची आणि चाचणी घेणाऱ्या ड्रायव्हरांची कुणी कधी आठवण काढली नाही, त्यांच्यासाठी नवे दालन काढायचे ठरले. दालनाचे नाव ठेवले 'अज्ञात हातांना मानवंदना'.

त्या हातांपैकी दोन हात सिरिल टँडीचे होते. पहिली गाडी वेल्सच्या डोंगरांत त्यानेच आपटून, बुडवून, उलटवून पाहिली होती. कंपनीचे आमंत्रण आल्यावर तो टाय घालून निघाला. हा टाय एनिडने, म्हणजे त्याच्या बायकोने बांधलेला होता. गेल्या हिवाळ्यात एनिड गेली, तेव्हापासून सिरिलने टायची गाठ सोडली नव्हती. तो टाय तसाच डोक्यातून घालायचा आणि तसाच काढायचा. बरोबर त्याचा जुना जोडीदार लेन मॉबर्ली होता. लेन इंजिनिअर. गाडीची अर्धी चित्रे त्याने काढली होती, पण रुमालावर नव्हे, त्यामुळे ती कुणी जपून ठेवली नाहीत.

संग्रहालयाची अधिकारी जेमा हॉलिस भली मुलगी होती. तिने चहा दिला, बिस्किटे दिली आणि विचारले, "मिस्टर टँडी, दालनात काय असावं असं तुम्हाला वाटतं?"

"माझं काही नको," सिरिल म्हणाला. "गाडीत बाजूच्या सीटपुढे धरायला जी मूठ आहे ना, तिच्याखाली एनिडचं नाव लिहा. बास."

"एनिड कोण?"

"माझी बायको. कॅन्टीनमध्ये होती. त्या काळात चाचणीला बाजूच्या सीटवर माणसाऐवजी वाळूची दोन पोती ठेवायचा नियम होता. एकदा पोती पावसात भिजली आणि फाटली. मी म्हटलं, एनिड, चल, बस. वेल्समधल्या रॅडनरच्या उतारावर गाडी घसरली. हिला धरायला काही नाही. हिने धरलं स्टिअरिंग!"

"आणि दोघं मेंढ्यांच्या पाणवठ्यात," लेन म्हणाला. "मी वरून बघत होतो. बाई पाण्यात उभी राहून याला जे बोलली, त्यातले निम्मे शब्द मला नवीन होते."

"वाळू कधी ओरडली नाही, म्हणून कुणाला कळलंच नव्हतं," सिरिल म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तिने आमच्या कोळशाच्या खोलीची मूठ उपटून आणली. म्हणाली, ही लाव माझ्या पुढ्यात, नाहीतर तुझी वाळूच घेऊन जा. लेनने त्या मुठीचं माप घेऊन चित्र काढलं. तेव्हापासून प्रत्येक गाडीत ती मूठ आहे."

जेमाचे डोळे पाणावले. तिने नाक पुसले आणि खेदाने सांगितले, की दालन अज्ञात हातांचे आहे. नाव लिहिले, की हात अज्ञात राहत नाही. मग त्याला दालनात जागा देता येणार नाही.

"म्हणजे नाव न लिहिता मान द्यायचा?" लेनने विचारले.

"समितीचं तेच धोरण आहे."

"मग हे धोरण तर कंपनी पहिल्यापासूनच पाळतेय की बाई!"

तरीही जेमाने प्रकरण समितीपुढे नेले. समितीने ते सहानुभूतीने ऐकले आणि पुरावा मागितला. इथे खरी अडचण झाली. नवी गाडी बाजारात येईपर्यंत कुणाला सुगावा लागू नये, म्हणून त्या काळात सगळे चोरून चाले. गाडीवर भलत्याच कंपनीचा बिल्ला असे. पबमध्ये कुणी विचारले, तर आम्ही शेतीखात्याचे, मेंढ्या मोजायला आलो, असे सांगायचे. एका मेंढपाळाने तर या दोघांकडून खरोखरच मेंढ्या मोजून घेतल्या होत्या. कंपनीच्या दफ्तरातही हीच खबरदारी होती. सिरिल टँडी तिथे माळी होता. लेन मॉबर्ली कॅन्टीनसाठी बटाटे निवडत असे.

"तुमची गुप्तता फारच उत्तम होती," जेमा म्हणाली. "समितीचाही तुमच्यावर विश्वास बसत नाहीये."

सिरिलने समितीला घरी बोलावले. त्याच्या कोळशाच्या खोलीचे दार अजून सुतळीने बांधलेले होते. एनिडने नवी मूठ कधी आणू दिली नाही. ती म्हणे, आमची मूठ जग फिरायला गेलीय, येईल परत. समितीचे दोन सदस्य आले, दाराला पडलेल्या भोकांचे फोटो काढले आणि असा अभिप्राय देऊन गेले, की नसलेल्या वस्तूची नोंद घेण्याची सोय संग्रहालयात नाही.

शेवटी जुना चाचणी-अहवाल सापडला. रॅडनरचा उतार, गाडी पाणवठ्यात, ड्रायव्हर सुखरूप. बाजूच्या सीटच्या रकान्यात सिरिलच्याच अक्षरात लिहिले होते: वाळू, दोन पोती.

"त्या रकान्यात दुसरं काही लिहायची परवानगीच नव्हती," सिरिल म्हणाला.

"तिला सांगितलं होतंस का, काय लिहिलंस ते?" लेनने विचारले.

"सांगितलं होतं. ती म्हणाली, दोन? मी एवढी जाड दिसते?"

अहवाल मिळाल्याने समितीला फार आनंद झाला. अधिकृत कागदाशी प्रामाणिक राहायचे ठरले. उद्घाटनाच्या दिवशी ती पहिली गाडी दालनात उभी होती आणि बाजूच्या सीटवर वाळूची दोन नवी कोरी पोती पट्टा लावून बसवली होती. खाली पाटी होती: 'या अज्ञात सहप्रवाशांना कंपनीचे अभिवादन.' मुठीवर वेगळी पाटी होती: 'सर ऑब्रे यांची दूरदृष्टी. कृपया हात लावू नये.'

सिरिलने पोत्यांकडे पाहिले. "तिला खिडकीकडे बसवायला हवं होतं," एवढेच तो म्हणाला.

नंतर कंपनीच्या अध्यक्षांना, मिस्टर स्ट्रिक्लंडना, त्या गाडीतून एक चक्कर मारायची होती. जुने गिअर टाकता येणारा माणूस एकटा सिरिलच उरला होता. पण विमा कंपनीने हरकत घेतली. माळ्याला गाडी चालवायची परवानगी होती का? फक्त बागेपर्यंत होती, असे उत्तर गेले. म्हणून कंपनीच्या आवारातल्या चाचणीच्या टेकडीपलीकडे घाईघाईने गुलाबांचा एक वाफा करण्यात आला आणि माळी टँडी त्या वाफ्याकडे निघाले. पोती मागच्या सीटवर हलवली. अध्यक्ष बाजूला बसले. पाटी वाचून त्यांनी हात मांडीवर ठेवले.

टेकडीच्या माथ्यापर्यंत ते हात मांडीवरच होते. मग गाडीने पुढचा उतार घेतला.

"धरा साहेब," सिरिल म्हणाला.

"हात लावू नये, असं लिहिलंय!"

"मग स्टिअरिंग तेवढं धरू नका. खालचं पाणी गार आहे."

अध्यक्षांनी दोन्ही हातांनी मूठ आवळली आणि डोळे मिटून असे काही ओरडले, की सिरिलला क्षणभर वाटले, वर्षे मागे गेली. शब्दही जवळपास तेच होते. खाली आल्यावर त्यांनी कोट झटकला, आवाज सावरला आणि जमलेल्या लोकांना सांगितले, "काय मूठ आहे! सर ऑब्रेंना अगदी नेमकी गरज कळली होती!"

"हो साहेब," सिरिल म्हणाला. "त्यांच्या वाळूने सांगितलं त्यांना."

अध्यक्ष मोठ्याने हसले. त्यांना वाटले, ही वेल्समधली म्हण असावी.

आता सिरिल दर मंगळवारी संग्रहालयात जातो. माजी माळी म्हणून त्याला तिकीट लागत नाही. गर्दी नसली, की तो ड्रायव्हरच्या बाजूला उभा राहतो, थर्मासमधून दोन पेले चहा ओततो आणि एक पेला पोत्यांपुढे ठेवतो. खिडकीकडचे पोते एनिड, हे त्याने स्वतःच ठरवले आहे. जेमाला हे दिसते. तेव्हा तिला नेमके दुसऱ्या दालनात काम निघते. घरी आला, की तो सुतळी सोडतो, कोळसा काढतो आणि सुतळी पुन्हा तशीच बांधतो.

गोष्ट वाचून तुम्ही त्या कंपनीला हसला असाल, तर हसा. तुमच्याही गाडीत बाजूच्या सीटवर कुणी बसत असेल, घाटात ओरडत असेल, वळण आधी बघत असेल. तिच्याबद्दल कुणी विचारले, की तुम्ही म्हणता, "ती काही करत नाही, घरीच असते." त्या कंपनीने निदान दोन पोती तरी लिहिली होती.