बालवाडीच्या संगणकास सप्रेम भेट

माणूस असो वा यंत्र, त्याची गती त्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असते, हे सत्य आता कोणी नाकारणार नाही. बिश्केकमधल्या आमच्या बालवाडीत जागा साठ आणि यादीत मुलं सहाशे. पण प्रवेश रखडतात ते मंद संगणकामुळे, असा खुलासा मुख्याध्यापिका क्लारा जुमाबेकोव्ना यांनी केला, तेव्हा आम्हा पालकांना केवढा धीर आला! जागा वाढवणं सरकारच्या हातात. संगणक पळवणं आपल्या.

उपाय सोपा. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड संगणकाच्या खाचेत सारायचं. त्याची तोकडी स्मरणशक्ती कार्डावर टेकते आणि तो पळू लागतो. हे खरंच घडतं. (मी पदवीधर आहे, खात्री केल्याशिवाय पोराला ताकासारखं साधं आयरानसुद्धा पाजत नाही.) खाच मात्र एकच. म्हणून ज्याचं कार्ड आत, त्याच्याच मुलाचा अर्ज त्या दिवशी उघडायचा, असा न्याय ठरला. योगदान ऐच्छिक होतं. न देणाऱ्यांची नावं दारावर लावली होती, तीही ऐच्छिकच असावीत.

"दोन जीबीचं आणलंस?" शेजारची गुलझात कुजबुजली. "अगं, मी आठचं दिलंय. पोराचं भवितव्य आहे, चॉकलेटचा डबा नव्हे!"

सप्टेंबरात रुजू झाले नाही तर नोकरी जाणार, आणि माझ्या अदिलेतला सांभाळायला घरात कोणी नाही. मी घरचं मोठं कार्ड आणलं. त्यावर त्याची पहिली पावलं होती, आमच्या रिवाजाप्रमाणे चालू लागलेल्या पोराच्या पायातली दोरी कापतानाची.

"पुसावं लागेल," क्लाराबाई म्हणाल्या. "पावलं काय, आता रोजच टाकतो की!"

पुसलं.

परिणाम थक्क करणारे होते. पूर्वी 'जागा नाही' हे कळायला सकाळची दुपार व्हायची. आता पापणी लवायच्या आत कळतं. पालकांचं समाधान ऐंशी टक्क्यांवर गेलं. (उरलेले वीस टक्के दारावर.)

मग सभेत बोलोत नावाचा एक बाप उठला. "क्लारा एजे," त्याने थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हटलं, "कार्डाने यंत्र पळेल. खोल्या वाढतील का?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, हे आम्ही सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघत मान्य केलं.

"खरं बोललास, बाळा," क्लाराबाई मायेने म्हणाल्या. "म्हणजे तुझा आमच्या पद्धतीवर विश्वास नाही. हरकत नाही हो." त्यांनी एक कळ दाबली आणि त्याच्या मुलीचं नाव यादीतून गेलं; इतक्या चपळाईने, की आमच्या कार्डांचं सार्थक झालं.

अदिलेत दोनशे बाराव्यावरून दोनशे अकराव्यावर आला. वर्षभरात कार्डांना जे जमलं नाही, ते एका प्रामाणिक माणसाने क्षणात करून दाखवलं. गुलझातने माझा हात दाबला. दोघींचे डोळे भरून आले होते.

तुमच्या मनात आलंच असेल, तिथे आपण असतो तर त्या बापाच्या बाजूने नक्की हात वर केला असता. अवश्य या. पुढची सभा शुक्रवारी आहे. फक्त येण्याआधी तुमच्या मुलाचं नाव यादीत आमच्या पुढे घालून घ्या, म्हणजे तुमच्या हाताचा आम्हाला उपयोग होईल.