बोनिफेस कापासा यांचा यथोचित मान

गायकाच्या कार्यक्रमात गायकाने गावे की नाही, या प्रश्नाचा आमच्या किट्वे शहरात गेल्या रविवारी दुपारी कायमचा निकाल लागला.

बोनिफेस कापासा हे आमचे जुने रॉक गायक. तांब्याच्या खाणी जोरात होत्या, तेव्हा त्यांच्या गिटारीने आमची अख्खी पिढी बिघडवली. गाणी स्वतः लिहायची, स्वतःच गायची. आता ऐंशीच्या घरात आहेत. हा आपला शेवटचा कार्यक्रम, असे त्यांनी रेडिओवर सांगितले होते. माझी बायको एस्नार्ट तरुणपणी त्यांच्या ‘रात्रपाळी सुटली’वर नाचायची. तेव्हाचेच बूट तिने त्या दिवशी हट्टाने पायात कोंबले होते.

मैदानावर पोहोचलो तर कापासा माइकपाशी नव्हते. ते मानाच्या टेबलावर, पांढऱ्या कापडामागे, महापौर आणि बिशप यांच्या मधोमध बसले होते. गिटार लांब कोपऱ्यात उभी होती.

स्वागत समितीचे चिटणीस म्वेलवा यांना मी विचारले, “कापासा बाबा कधी गाणार?”

“मंत्रिमहोदय येऊन बोलले की. प्रमुख पाहुण्यांच्या आधी मानाच्या टेबलावरून कुणी उठत नाही.”

“मग त्यांना टेबलावर बसवलंच कशाला?”

“म्हणजे सत्कारमूर्तीला बाकड्यावर बसवायचं? घरात वडीलधारी माणसं आहेत ना तुमच्या?”

मग म्वेलवांनी उपस्थित मान्यवरांची नावे घेतली. ज्यांची राहिली त्यांचे चेहरे पडले, म्हणून त्यांचीही घेतली. त्यामुळे आधीच्यांना आपले नाव पुरेसे वर नव्हते असे वाटले, म्हणून यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. तेवढ्यात निरोप आला की मंत्रिमहोदय येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने आलेल्या बाईंनी भाषण वाचले. “आज मी स्वतः येथे उपस्थित आहे, याचा मला विशेष आनंद होतो,” हे वाक्य त्यांनी ठासून वाचले आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

कापासा उठू लागले. महापौरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “बसा बाबा, बसा. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“अहो, मला गायचंय,” कापासा म्हणाले.

पेच खरा होता. पाहुण्यांचे भाषण झाले होते, पण पाहुणे आलेच नव्हते. मग टेबलाने उठावे कधी? ध्वनिक्षेपकामागे समितीची तातडीची बैठक झाली आणि तोडगा निघाला. मंत्र्यांचे भाषण त्यांच्या वतीने होऊ शकते, तर सत्कारमूर्तींचे गाणे का नाही?

म्वेलवांनी चष्मा लावला आणि कागद उघडला.

“रात्रपाळी सुटली, बाई, रात्रपाळी सुटली. कंसात, हे तीनदा म्हणावे. दिवा विझव, दार उघड. कंसात, येथे गिटार.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिशपांनी डोळे टिपले.

एस्नार्ट उठून उभी राहिली. “अहो म्वेलवा, तो माणूस गायला आलाय. त्याला गाऊ द्या.”

“ताई, खाली बसा की,” मागून आवाज आला. “आम्हाला कागद दिसत नाही.”

मला तिचा अभिमान वाटला. मी तिचा हात ओढून तिला खाली बसवले.

मग मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा आणि कोंबडी तयार असल्याचे जाहीर झाले. अख्खे मैदान उठले. मानाचे टेबलही उठले, आणि त्यासाठी कुणाला प्रमुख पाहुण्यांची वाट पाहावी लागली नाही. माइकवाले सगळ्यात पुढे होते.

रांगेत माझा नंबर जवळ आला तेव्हा मागून गिटार ऐकू आली. आवाज थकलेला होता, पण त्यांचाच होता. वळून पाहिले. रिकाम्या खुर्च्यांपुढे कापासा गात होते आणि बूट काढून ठेवून एस्नार्ट एकटी नाचत होती. मीही जाणार होतो. पण कोंबडीच्या तंगड्या संपत आल्या होत्या.

परतताना सगळे म्हणत होते, एवढा मान या शहराने कुणाला दिला नाही. एस्नार्ट बूट हातात घेऊन माझ्या बरीच पुढे चालत होती.

तुमच्याकडे असले काही होत नाही म्हणे. तुमच्याकडे कलाकाराला शाल पांघरतात आणि हातात नारळ देतात. नारळ धरलेल्या हातांनी तो गिटार कशी वाजवतो, तेवढे कळवा. आणि तो वाजवत असताना तुम्ही कोणत्या रांगेत होतात, तेही.