साहेबांचा ओके पाइप

तडा हा माझा विषय! उगाच बढाई मारत नाही. चाकणच्या एका कंपनीत एकवीस वर्षं मी क्वालिटी खात्यात आहे. वेल्डिंगचा तडा, ओतकामाचा तडा, रंगाखाली लपलेला तडा, कुठलाही दाखवा, मी कारण सांगतो. या ज्ञानाचा मला स्वतःला आजवर काडीचा उपयोग झालेला नाही, हा भाग वेगळा.

मला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. जनरल शिफ्ट! एकवीस वर्षं माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते आहे. नाश्ता कधी आणि जेवण कधी, हे पोटाला कळेनासं झालंय. परवा तर पाहुण्यांसमोर बसल्या बसल्या घोरलो. पाहुणे बायकोच्या माहेरचे होते.

"अहो, साहेबांशी एकदा बोला तरी!" मृदुला म्हणाली. बोलू काय कपाळ! अर्ज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आठ महिने पडून होता.

आमचे प्लँट हेड मधुसूदन साहेब तंबाखूचा पाइप ओढतात. म्हणजे रहाटणीला घरच्या गॅलरीत ओढतात. कंपनीत बंदी, म्हणून इथे तो विझलेलाच तोंडात असतो. एका सोमवारी मिटिंग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. पाइपच्या वाटीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

"अस्सल ब्रायर आहे, जयसिंगराव. झुडपाच्या मुळाच्या गाठीतून कोरतात. कशानं गेला असेल?"

खरं तर ‘माहीत नाही’ म्हणून मी घरी जाऊन झोपायला हवं होतं. पण अर्ज आठवला आणि जीभ सैल सुटली.

"लाकडाच्या रेषा, साहेब! रेषा सरळ असल्या तर वाटी टिकते. आडव्यातिडव्या असल्या की उष्णतेनं फाटलीच म्हणून समजा!"

ब्रायर हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या मिनिटापूर्वी ऐकलं होतं.

"सिद्ध करा," साहेब म्हणाले. "रिपोर्ट द्या. मग तुमच्या त्या अर्जाचंही बघू."

रिपोर्ट म्हटला की तुलना आली. खराब पीसशेजारी चांगला पीस ठेवल्याशिवाय आमच्या खात्यात कोणी शिंकतसुद्धा नाही. मी दुसरा पाइप मागितला. साहेबांनी तो मखमली डबीतून काढून दिला.

"वडिलांचा आहे. चाळीस वर्षांत ओरखडा नाही. जपा!"

"जिवापेक्षा जास्त, साहेब!"

मी नियमाप्रमाणे तडा गेलेल्या पाइपला लाल टॅग बांधला, वडिलांच्या पाइपला हिरवा. दोन्ही एका ट्रेमध्ये घालून टूलरूममध्ये रोहिदासकडे दिले. "मधोमध कापून ठेव रे, आतल्या रेषा बघायच्यात," एवढं सांगितलं आणि कँटीनमध्ये चहाला गेलो. चहा आला, तोवर माझा डोळा लागला होता.

पाऊण तासानं परतलो. लाल टॅगवाला पाइप होता तसाच. हिरव्याचे दोन तुकडे!

"रोहिदास! चांगला का कापलास?"

"म्हंजी? साहेब, दर शिफ्टला पयला ओके पीसच कापतो न्हवं आपण? वेल्डिंग आतून धरलंय का बघाया? आन् लाल टॅगला हात लावायचा न्हाई, ह्यो बोर्ड तुमीच लावलाय!"

बोर्ड होता. खाली माझी सही होती.

तुकडे जोडून पाहिले. पण करवतीनं दोन मिलिमीटर खाल्ले होते. जुळवून धरल्यावर तो पाइप न दिसता चेपलेली शिट्टी दिसायला लागला. बरं, रेषा तरी? वडिलांच्या धडधाकट पाइपच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या, आडव्यातिडव्या! आणि तडा गेलेल्याच्या, फटीतून दिसल्या तेवढ्या, पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ!

"रेषांचं काय न्हाई, साहेब," रोहिदास म्हणाला. "मिटिंगला मी पीस दावाया येतो, तवा बघतो की. रिजेक्शनचा आकडा निगाला की मोठं साहेब पाइप टेबलावर आपटत्यात. ठाक! ठाक! लाकूड हाय, किती सोसंल?"

आणि रिजेक्शनचा आकडा सांगतो कोण? मी!

तुकडे घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही तुकडे तळहातावर ठेवले आणि नुसते बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रेषांचं काय निघालं?" त्यांनी विचारलं.

थाप मारायचंही त्राण उरलं नव्हतं. "काही संबंध नाही, साहेब. तडा आपटल्यानं गेला. मिटिंगमध्ये."

साहेबांनी तुकडे मखमली डबीत ठेवले. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, माझा अर्ज काढला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि सही ठोकली. "जनरल शिफ्ट. सोमवारपासून."

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो! अर्ज घेऊन तडक घरी आलो. मृदुलानं शिरा केला, वर बदामाचे काप पेरले आणि हात पुसून अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला.

"जनरल शिफ्ट मंजूर. बदलीचं ठिकाण... अहो, हे भंगार यार्ड काय आहे?"

"ते खातं जनरल शिफ्टलाच चालतं," मी म्हणालो.

तिनं शिरा वाढला. बदाम तेवढे वेचून परत डब्यात टाकले.