वाया गेलेले दोनशे सदतीस डोस

रोगजंतू स्वभावाने समतावादी असतात. माणसाची जात, रंग, भाषा, बाई की पुरुष, यातलं ते काहीच पाहत नाहीत. ज्याच्या नाकात शिरता येईल त्याच्या नाकात शिरतात. अशा आंधळ्या जीवांना भेदभाव शिकवायचा तर एक शिस्तबद्ध कार्यालय लागतं. आमचं तसं आहे. (वेळ अकरा ते एक.)

कार्यालयाचं नाव 'तफावत निवारण कक्ष'. मी तिथला आकड्यांचा कारकून. आमच्या शहरामधून नदी वाहते. अलीकडे आम्ही राहतो, पलीकडे ते राहतात. ते तीन पिढ्यांपूर्वी आले, म्हणून त्यांना 'नवीन आलेले' म्हणतात. आमचे साहेब गेल्या वर्षी आले, त्यांना 'आपले' म्हणतात.

दर थंडीत इथे चट्टेताप येतो. अंगभर चट्टे, फणफणून ताप, आणि छातीत उतरला तर माणूस हातचा जातो. दोन थंड्यांपूर्वी अलीकडे हजारी चार जणांना झाला, पलीकडे हजारी एकोणीस. लस अलीकडे शंभरात एक्याऐंशी जणांनी घेतली होती, पलीकडे सव्वीस. आणि नुसत्या पलीकडच्या बायका मोजल्या तर अकरा. कार्यालयाची झाडलोट करणाऱ्या मावशी पलीकडच्याच. त्यांची धाकटी जाऊ त्या थंडीत गेली. (तक्ता सात, ओळ तिसरी. मीच भरली. अक्षर चांगलं आलंय.)

साहेब हळव्या मनाचे. तक्ता पाहून त्यांचे डोळे भरून आले. "हे लोक लस का घेत नाहीत, हे आपण शोधून काढलंच पाहिजे," ते म्हणाले, आणि त्यांनी प्रश्नावली छापून घेतली. तीत संभाव्य कारणं चौदा होती: अज्ञान, गंभीर अज्ञान, सुईची भीती, नवऱ्याची भीती, सासूची भीती, अफवा, ऐकीव अफवा, आणि असंच करत चौदावं 'इतर अज्ञान'. लस घेता न येणं हे कारण यादीत नव्हतं, कारण लस सगळ्यांना खुली होती. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते एक, अलीकडच्या काठावर आमच्याच कार्यालयात, आदल्या दिवशी सकाळी मोबाइलवर नंबर लावून. लग्न झालेल्या बाईला फक्त कुटुंबप्रमुखाची सही लागायची. (कुटुंबप्रमुखाला कोणाचीच सही लागत नसे, त्याला आधीच डोक्याला ताप कमी नसतात.) पलीकडच्या बहुतेक बायका शिवणाच्या कारखान्यात, सकाळी आठ ते साडेपाच. पण हा योगायोग आहे आणि योगायोगासाठी आमच्याकडे रकाना नाही.

एका रविवारी मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन पलीकडे गेलो. वाट दाखवायला मावशी होत्या. पहिल्याच दारात एका बाईंनी माझी पिशवी पाहिली आणि आत हाक मारली, "अगं, या गं सगळ्या, लस आली!"

"लस नाही आणली," मी म्हणालो.

"मग काय आणलंय?"

"प्रश्न."

बाई मावशींकडे पाहू लागल्या. मावशी आकाशाकडे. मी घसा साफ करून विचारलं, "तुम्हाला सुईची भीती वाटते का? हो, नाही, की सांगता येत नाही?"

"दादा, मी रोज आठशे कॉलर शिवते," बाई म्हणाल्या, आणि त्यांना जे हसू फुटलं ते शेजारच्या दारात गेलं, तिथून समोर, आणि मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत माझ्याआधी तिथे पोचलेलं होतं. हसण्याचा संसर्ग चट्टेतापापेक्षा जलद असतो, अशी नोंद मी केली. साहेबांनी ती खोडली.

त्या आठवड्यात गुरुवारी आमच्या सिस्टर फ्रिज उघडून उभ्या होत्या. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, त्यामुळे त्या कोणालाच भीत नसत. आत तीनशे डोस होते. अलीकडच्या मंडळींनी नंबर लावले होते, पण आली नव्हती. (एकाएकाने तीन-तीन दिवसांचे नंबर लावले होते. जागरूकता ती हीच.)

"मावशी, आज मुदत संपतेय यांची," सिस्टर म्हणाल्या. "उद्या ही खोकी फेकायची."

मावशींनी फडकं बादलीत टाकलं. "फेकायचीच आहेत ना सिस्टर? मग आमच्या दंडात फेका."

सिस्टरांनी खोकी पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, "किती जणी याल?"

संध्याकाळी सहा वाजता साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मोर्चा?"

"रांग आहे, साहेब," मी म्हणालो.

"घोषणा काय देतायत?"

"काही नाही. हसतायत."

"हसतायत? म्हणजे प्रकरण गंभीर आहे." त्यांनी पोलिसाला फोन केला, टाय नीट केला आणि खाली जाऊन पहिल्या बाईंसमोर उभे राहिले. "तुमच्या मागण्या काय आहेत?"

"लस."

"आणि?"

"आणि जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

साहेब बाजूला झाले. या कामात त्यांचं योगदान एवढंच, पण ते निर्णायक होतं. सिस्टरांचा हात यंत्रासारखा चालू लागला. "अंतर ठेवून टाका घाला हो!" "दोरा कुठला लावलाय?" "धुतल्यावर आटणार नाही ना?" असा नुसता कल्ला. पोलीस आला, त्याने सुई पाहिली आणि जागच्या जागी घेरी येऊन बसला. (कारण क्रमांक तीन. पण तो अलीकडचा पुरुष असल्याने प्रश्नावली त्याला लागू नव्हती.) दोघींनी त्याला पाणी पाजलं, तिसरीने त्याच्या टोपीने वारा घातला, आणि सिस्टरांनी तो शुद्धीवर यायच्या आत त्यालाही टोचून टाकलं. सगळ्यांत शेवटी मावशींची पाळी आली. बाही वर करताना त्यांचं हसू अचानक थांबलं. "धाकटीला असंच आणलं असतं हाताला धरून," एवढंच म्हणाल्या.

एकूण दोनशे सदतीस. आता नोंद करायची. संगणकात 'दिला' लिहायचं तर मोबाइलचा नंबर आणि कुटुंबप्रमुखाची सही हवी. 'वाया गेला' लिहायला काहीच लागत नाही. शिवाय तीनशेपर्यंत वाया गेल्यास खुलासा मागत नाहीत. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोनशे सदतीस वेळा 'वाया' लिहिलं. नोकरीत इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

थंडी आली, चट्टेताप आला. अलीकडे हजारी चार. पलीकडे हजारी सहा, आणि बायकांमध्ये जेमतेम एक. मेलं कोणी नाही.

साहेबांनी तक्ता तीन वेळा वाचला. लस शंभरात अकरा जणींनीच घेतलेली, तरी आजार नाही! त्यांचे डोळे पुन्हा भरून आले. "या बायकांच्या रक्तातच काहीतरी आहे," ते म्हणाले. त्यावर त्यांनी शोधनिबंध वाचला, टाळ्या मिळाल्या, बढतीही मिळाली. रक्ताचे नमुने गोळा करायला पथक पलीकडे घरोघर गेलं. कारखाना सुटल्यावर आणि रविवारीही, बायकांच्या सोयीने. सही कोणाचीच मागितली नाही.

ज्यांच्या रक्तातच लस आहे त्यांना लस देणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून यंदा पलीकडचा वाटा शून्य. सगळी खोकी अलीकडच्यांसाठी आली आहेत. परवा सिस्टरांच्या निरोपसमारंभात मावशींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "दादा, यांची मुदत कधी संपते?" मी तारीख सांगितली. नवीन सिस्टर वयाने लहान आहेत, पण त्याही हसल्या.

आता एक कबुली. या हकीकतीत पलीकडच्या लोकांचा रंग, पेहराव, देव, भाषा, आडनाव, यातलं मी काहीच लिहिलेलं नाही. तरीही ते दिसतात कसे, हे तुम्हाला पहिल्या पानापासून स्पष्ट दिसत होतं. आमच्या कक्षात एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही. तुमची निवड झालेली आहे.