फलाट क्रमांक तीनवरची म्हैस

वामनराव गाडेकर प्रत्येक वाक्य दोनदा बोलत. बोलत म्हणजे पुकारत. आमच्या वास्तुशांतीला ते आले, तेव्हा दारातच उभं राहून नाकातून सूर लावत म्हणाले, "गाडेकर आलेले आहेत. गाडेकर आलेले आहेत." माझ्या मावशीला वाटलं, कुणीतरी रेडिओ चालू ठेवलाय. ती तो बंद करायला आत गेली.

त्यांचाही इलाज नव्हता. सगळी नोकरी मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली. काचेच्या खोलीत माइकसमोर बसायचं, कन्नड, सिल्लोड, पैठणच्या गाड्या पुकारायच्या आणि चहाच्या टपरीवर रेंगाळणाऱ्या ड्रायव्हरांना हाकलायचं. मूळचे देवगाव रंगारीचे. तिथली शेती भाऊ बघायचा आणि हे इथं पडेगावला, आमच्या कॉलनीतल्या शेवटच्या घरात. निवृत्त झाल्यावर माइक गेला, आवाज राहिला. बायको आधीच वारलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. हे सगळं आम्हाला दुसऱ्यांकडून कळलेलं. स्वतःबद्दल ते काही पुकारत नसत.

थांबलेला माणूस त्यांना बघवत नसे. कोपऱ्यावर दोघं जण गप्पा मारताना दिसले, की हे मागून येऊन म्हणत, "निघायचं का नाय? लई येळ झाला. लई येळ झाला." शेजारचे आप्पा वारले तेव्हा अंगणात सगळे माना खाली घालून उभे होते. वामनरावांनी खाकरून जाहीर केलं, "वैजापूरहून येणारी मुलगी अर्धा तास उशिरानं पोचणार आहे. नातेवाइकांनी नोंद घ्यावी." कुणी हसलं नाही, पण अंगणातला ताण जरा सैल झाला. सगळ्यांनी खरोखरच नोंद घेतली आणि ओट्यावर टेकले.

तर अशा माणसाकडे चित्रांच्या प्रदर्शनाची सूत्रं गेली.

त्याचं असं झालं. कॉलनीच्या मागच्या माळावर काही धनगर घरं होती. तिथल्या रखमाबाई शेळ्या राखायच्या आणि सकाळी आमच्याकडे दूध घालायच्या. एक दिवस दौलताबाद रोड ओलांडताना एक शेळी मधेच अडून बसली. तिला ढकलायला रखमाबाई मागं फिरल्या आणि ट्रकखाली आल्या. शेळी वाचली. रखमाबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नकली पाय बसवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण तो घरच्यांच्या आवाक्यातला नव्हता. मुलगा रोजंदारीवर, सून रानात. आणि शेळ्यांमागं जन्म घालवलेली बाई दारात बाजेवर बसून.

कॉलनीची बैठक भरली. कुणीतरी म्हणालं, घरोघर वर्गणी मागू.

"वर्गणी नाय," वामनराव म्हणाले. "बाईनं आपल्या दारात दूध घातलं, भीक नाय मागितली. आपण तिच्या नावानं भीक मागायची नाय."

मग देशपांडे वहिनींनी तोंड उघडलं. वहिनी घरी बायकांना चित्रकला शिकवायच्या. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी चित्रं काढू, समाजमंदिरात प्रदर्शन भरवू, विक्री होईल ती रखमाबाईंची.

"चित्रं म्हणजे भिंतीवर टांगायची?" वामनरावांनी विचारलं.

"हो."

"मग लोक काय करतात?"

"उभं राहून बघतात."

"किती येळ?"

वहिनींना या प्रश्नाचं उत्तर आजवर द्यावं लागलं नव्हतं. "ज्याला जेवढा वेळ वाटेल तेवढा," त्या म्हणाल्या. वामनरावांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की जणू फलाटावर आडवी लावलेली गाडी पाहिली. "इंतजाम माझ्याकडं," ते म्हणाले. "इंतजाम माझ्याकडं."

त्यानंतर कॉलनीत कुणाला सुटका राहिली नाही. प्रत्येक घरातून चित्र आलंच पाहिजे, असा हुकूम निघाला. मला चित्रकलेत शाळेतही कुणी पास केलं नव्हतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "सुरुवातीला गाड्या बी रिकाम्याच धावत्यात. काढा." मी म्हैस काढली, कारण म्हैस काळी असते आणि काळा रंग घरात होता. आमच्या हिनं बीबी का मकबरा काढला; तो शेजारणीला चिनीमातीची किटली वाटला आणि दोघींचं बोलणं काही दिवस बंद झालं.

मंडप आणि लाउडस्पीकर हमीदभाईंचे. त्यांनी तार जोडता जोडता पाहिलं, तर वामनराव प्रत्येक चित्राखाली खडूनं आकडा घालत होते. फलाट एक, फलाट दोन.

"क्या गाडेकर साब," हमीदभाई म्हणाले, "तसवीरां हैं कि गाड्यां हैं ये?"

"एकच बात हाय," वामनराव म्हणाले. "लोकांना कुटं जायचं ते कळलं पाहिजे."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कॉलनीच्या अध्यक्षांनी एक सूचना मांडली. रखमाबाईंना दारात खुर्चीवर बसवावं, म्हणजे येणाऱ्याला पाझर फुटेल. वामनरावांनी हातातला खडू खाली ठेवला. मग अगदी खालच्या आवाजात, एकदाच म्हणाले, "बाई काय चित्र हाय व्हय?"

सूचना तिथंच मिटली.

रविवार उजाडला. वहिनी ठेवणीतली साडी नेसून, उदबत्ती लावून उभ्या. वामनराव माइकपुढं. आणि समाजमंदिरात ज्यांनी चित्रं काढली तेच फक्त. शहरातून कोण पडेगावला चित्रं बघायला येणार? दहा वाजले, अकरा वाजले. प्रत्येक जण आपापल्या चित्रासमोर उभा राहून दुसऱ्याच्या चित्राकडे तुच्छतेनं बघत होता. माझ्या म्हशीकडे सगळेच तसे बघत होते. वहिनींचे डोळे भरून आले.

वामनराव उठले आणि माइक बंद करून बाहेर पडले. आम्हाला वाटलं, कंटाळून घरी गेले. थोड्या वेळानं रस्त्यावर करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. धावत जाऊन बघतो तर कन्नडची गाडी उभी आणि तिच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध, हात वर करून वामनराव.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "अण्णा? तुमी व्हय! मरायचं होतं का?"

"गाडी पंधरा मिनिटं थांबंल," वामनराव पुकारले. "प्रवाशांनी खाली उतरून चित्रं बघून घ्यावीत. प्रवाशांनी खाली उतरून चित्रं बघून घ्यावीत."

आश्चर्य म्हणजे प्रवासी उतरले. त्या आवाजाचं ऐकायची सगळ्या तालुक्याला सवय होती. कुणी पिशवी काखेत मारून, कुणी कडेवर पोर घेऊन समाजमंदिरात शिरलं. वामनराव पुन्हा माइकवर आले. "फलाट क्रमांक दोनवर देशपांडे वहिनींचं 'अंतरंग' लागलेलं आहे. काय आहे ते वहिनी सांगतील. फलाट क्रमांक तीनवर म्हैस. म्हशीजवळ गर्दी करू नये." म्हशीजवळ कुणीच नव्हतं. या सूचनेनंतर मात्र गर्दी झाली.

फेटेवाले एक गृहस्थ म्हशीपुढं बराच वेळ उभे राहिले. "आमची चंद्री अशीच व्हती," ते म्हणाले. "फुगून मेली." त्यांनी म्हैस विकत घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गाडीत मांडीवर धरून बसले.

त्यानंतर दुपारभर गाड्या थांबत राहिल्या. ड्रायव्हर, कंडक्टर सगळे वामनरावांच्या हाताखालून गेलेले. पुढच्यानं मागच्याला सांगितलं असावं. वेरूळहून परतणारी सहलीची बससुद्धा थांबली. वहिनींनी 'अंतरंग' इतक्यांदा समजावून सांगितलं, की शेवटी त्यांचं त्यांनाच नीट कळलं. "रसिकांनी एकाच चित्रासमोर रेंगाळू नये," वामनराव ओरडत होते आणि वहिनी कपाळाला हात लावत होत्या. संध्याकाळी भिंती रिकाम्या होत्या. आमच्या हिची किटली, म्हणजे मकबरा, हमीदभाईंनी घेतला.

पाय आला. बसवलाही गेला. वामनरावांचा सत्कार करायचं ठरलं, त्या दिवशी ते भावाकडे गावी निघून गेले. हार शेवटी वहिनींच्या गळ्यात पडला.

हिवाळ्यात मला डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं, म्हणून मी माळाकडे जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी दोघं दिसले. रखमाबाई कुबडी घेऊन, नव्या पायावर बिचकत पाऊल टाकत होत्या आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर वामनराव. त्या थांबल्या की हे थांबत. त्या दगडावर टेकल्या की हेही शेजारच्या दगडावर टेकत आणि शेळ्यांकडे बघत राहत. घाई नाही, हुकूम नाही. मला बघून वामनरावांनी नुसती मान हलवली. मी दुसऱ्या वाटेनं गेलो. पुढं रोजच ते तिथं दिसू लागले.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो होतो. माळावर रखमाबाई एकट्याच होत्या. एक शेळी पलीकडच्या हरभऱ्यात शिरली आणि रखमाबाई तिच्यामागं धावल्या. खरोखर धावल्या. कुबडी बाभळीला टेकवलेली, पदर खोचलेला. शेळीचा कान धरून तिला ओढत त्या परत आल्या आणि मला बघून जागच्या जागी थबकल्या.

"अहो, तुम्हाला तर झकास चालता येतंय!" मी म्हणालो.

"हळू बोला भाऊ," त्यांनी माळाच्या टोकाकडे नजर टाकली. "लई दिस झाले चालता यायलंय. पर गाडेकर अण्णाला सांगू नगा."

"का बरं?"

"रोज येतेत. घडीभर बसतेत. इथंच दोन घास भाकर खातेत, नागपूरच्या लेकीचं सांगतेत. सांगताना आवाज कसा बारीक व्हतो त्यांचा." त्यांनी शेळीला हाकललं. "मला चालता येतंय म्हणून कळलं, तर उद्यापासून कशाला येतील? तसं कुणाकडं जायची सवयच नाय त्या मानसाला. काम नसलं की जाता येत नाय."

लांबवर कॉलनीच्या शेवटच्या घराचं फाटक वाजलं. रखमाबाईंनी पदर सोडला, बाभळीची कुबडी घेऊन काखेत धरली आणि दगडावर पाय लांब करून बसल्या.

"जावा तुमी आता," त्या म्हणाल्या.