दातारांच्या खांद्यावरचा दोरा

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही हरवलं, की आधी दुसऱ्या मजल्यावरच्या दातारांचा खिसा तपासला जाई. जिन्यात दातार कायम भिंतीला घासून चालत आणि पडलेलं दिसेल ते उचलून सदऱ्याच्या खिशात टाकत. तुटकं बटण, बसचं तिकीट, शेंगांची टरफलं. एकदा तर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या कवळीतला दात!

टेलिफोनसाठी नंबर लावून आम्ही सगळे वर्षानुवर्षं वाट बघत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दातार ठाण्याला एका लॅबमध्ये रक्त तपासत.

"अहो, सकाळी झाडूवाला येतो की," मी एकदा म्हणालो. झालं! जिन्यातच वर्ग सुरू.

"जोशी, रक्तात मेलेल्या पेशींचे तुकडे वाहत असतात. ते उचलायला शरीरानं झाडूवाले ठेवलेत, कबूल. पण ते येईपर्यंत तुकडा फिरू द्यायचा? रक्तवाहिनीला आतून पातळ अस्तर असतं. त्यातली पेशी जागची हलत नाही. तुकडा जवळून जाताना अंगाची कड पुढे काढते, त्याला आत ओढते आणि पचवून टाकते. बोभाटा नाही. तुकडे साठले तर रक्त गोठायला निमित्तच मिळतं. अस्तर व्हा, जोशी, अस्तर!"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिन्यातला दिवा कुणी बदलायचा यावर तासभर भांडण झालं. दातार मधेच उठले, घरातला दिवा काढून जिन्यात लावून आले आणि "अस्तर" एवढंच म्हणून बसले.

हाच माणूस रोज खांद्यावर मात्र पांढरा दोरा घेऊन हिंडायचा. मी एकदा तो काढायला गेलो, तर "राहू द्या! हात लावू नका!" म्हणत दोन पायऱ्या मागे सरकले. मला रागच आला. विक्षिप्तपणालाही काही मर्यादा असावी, असं मी घरी बोललोसुद्धा.

एका संध्याकाळी बायकोच्या कुडीची फिरकी हरवली. दातार कामावरून येताच मी त्यांच्यामागोमाग घरात शिरलो. दिवाळीत दातारवहिनींच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि उजवी बाजू लुळी पडली, हे सगळ्यांना माहीत होतं. चौकशीला मात्र मी एकदाही गेलो नव्हतो.

दातार थेट पलंगावर, वहिनींजवळ बसले. "सुमन, बघ गं, काय चिकटलंय."

वहिनींचा उजवा हात थरथरत उठला आणि मधेच थांबला. मी पुढे झालो, तसं दातारांनी मला नजरेनंच अडवलं. बोटं बाहीवरून हळूहळू वर सरकली, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा दोरा चिमटीत आला.

"सगळं... मीच... बघायचं," वहिनी म्हणाल्या.

"मग? दुसरं कोण आहे मला?" दातार हसले, पण डोळे भरले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "काल हात दंडापर्यंतच आला होता हो."

मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी खिशातून फिरकी काढून माझ्या हातावर ठेवली. मग खुंटीवरचा उद्याचा सदरा घेतला, सुईत पांढरा दोरा ओवला आणि खांद्यावर एक कच्चा टाका घातला. आजच्यापेक्षा जरा वर, कॉलरजवळ.