सोळावं चाक

तुम्हाला म्हणून सांगतो, नखाएवढी तोफ रंगवण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय!

हसू नका. बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचे, जेवणाच्या टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून तीनशे वर्षांपूर्वीची लढाई लढायची, हा आमचा खेळ. आमचा म्हणजे माझा आणि दातांच्या डॉक्टरांचा. डॉक्टर माझे जुने मित्र आणि एकुलते एक शत्रू.

गेल्या चारही लढायांत त्यांनी मला धूळ चारली. घोडदळ माझं सरस, पायदळ बरोबरीचं. पण त्यांच्या तोफा! बारा पौंडी, म्हणजे बारा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. नुसती धुडं! त्या काळी असल्या तोफा ओढायला भाड्याचे गाडीवाले असत आणि पहिला गोळा सुटला, की ते घोड्यांसकट पसार होत. म्हणून मी महिनाभर अभ्यास करून निवडल्या तीन पौंडी तोफा. आठ! हलक्या, सुबक, सैनिकांनीच ढकलत न्यायच्या.

"हलक्या तोफा म्हणजे पळणाऱ्या तोफा!" मी बायकोला समजावलं.

"पळायचंच असेल तर तोफा कशाला हव्यात?" ती म्हणाली.

मग रंगाचा प्रश्न. डॉक्टरांचे तोफगाडे लालभडक. मला हवा होता निळसर करडा. सात छटा बनवल्या, एकेक लावून बघितली.

"अगं, ही तिसरी छटा जरा जास्त निळी वाटते का?"

"ती भिंत आहे! तोफ तुमच्या डाव्या हातात आहे!"

असो. शनिवारी दुपारी मी सोळा चाकं साबणाच्या पाण्यात धुतली, म्हणजे रंग नीट बसतो, आणि एका बशीत वाळत ठेवली. आता त्याच टेबलावर आमचे सासरे बसलेले. आमच्या डॉक्टरांकडून दाढेचा इलाज करून घ्यायला पंधरा दिवस आमच्याकडे आले होते. त्यांच्या दुपारच्या गोळ्याही बशीतच. गोळ्या करड्या, चाकंही करडी. सासऱ्यांचा चष्मा कपाळावर!

मी पाच मिनिटं फोनवर गेलो. परत येऊन मोजली तर चाकं पंधरा!

टेबलाखाली शोधलं, गालिचा झटकला, खुर्च्या उलट्या केल्या. सासरे शांतपणे पाण्याचा ग्लास खाली ठेवत होते.

"बाबा," मी चाचरत विचारलं, "गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या की. आजची एक जरा खरखरीतच लागली."

माझ्या पोटात गोळा आला. सासऱ्यांच्या पोटात काय आलं असेल, ते बोलायची सोय नव्हती.

बायकोने एकदा बशीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बाबांना काही झालं ना, तर तुमचं अख्खं सैन्य कचऱ्याच्या गाडीत जाईल. सेनापतीसकट!"

सेनापती कोण, हे मी विचारलं नाही. टॅक्सी बोलावली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. "काय गिळलंय?"

"चाक."

"कशाचं?"

"तोफेचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "केवढी तोफ?"

"लहानच हो. तीन पौंडी."

"तीन पौंड?" त्या ताडकन उठल्या. "सिस्टर, ऑपरेशन थिएटर रिकामं आहे का बघा!"

"नाही, नाही! तीन पौंडांचा तिचा गोळा असतो!"

"म्हणजे गोळाही गिळलाय?"

"गोळा नाही, गोळी! गोळी गिळताना चाक गिळलं!"

"मला एक समजत नाही," सासरे म्हणाले, "मी आत्ता नक्की काय काय खाल्लंय?"

शेवटी बायकोने मला बाजूला सारून चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि सासऱ्यांना एक्स-रेसाठी आत नेलं. मी बाकावर बसून घाम पुसत होतो. खोटं कशाला बोलू? सासऱ्यांची काळजी होतीच. पण सात तोफांनी डॉक्टरांची डावी बाजू मोडता येईल का, हाही विचार मनात येऊन गेला. दोनदा.

थोड्या वेळाने आम्हाला आत बोलावलं. उजेडाच्या पाटीवर सासऱ्यांचं पोट लटकत होतं आणि त्यात मधोमध चाक! अगदी ठसठशीत, आरे मोजता येतील असं.

मी मोजले. पुन्हा मोजले.

"हे माझं नाही!" मी ओरडलो.

"काय?"

"माझ्या चाकाला बारा आरे! ह्याला दहाच आहेत! शिवाय हे मोठंय. हे बारा पौंडी तोफेचं चाक आहे!"

डॉक्टरीणबाईंनी काळजीने बायकोकडे बघितलं. "ह्यांना हा त्रास कधीपासून आहे?"

"लग्नाच्या आधीपासून," बायको म्हणाली आणि एकदम माझ्याकडे वाकून बघायला लागली. "अहो, हात वर करा बघू."

मी हात वर केला. माझ्या कोपराला, सकाळी सांडलेल्या डिंकात रुतून, बारा आऱ्यांचं सोळावं चाक चिकटलं होतं!

मग सासऱ्यांच्या पोटात कुणाचं?

"काल दाढ कोरताना," सासरे आठवत म्हणाले, "काहीतरी टपकन घशात पडलं खरं. मला वाटलं, जुनी चांदी निघाली असेल."

मी तिथूनच दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, दवाखान्यात तोफा रंगवता?"

पलीकडून बारीक आवाजात, "दोन पेशंटच्या मध्ये थोडा वेळ मिळतो हो. तिथला दिवा चांगला आहे. चिमटेही हाताशी असतात... का?"

"तुमचं एक चाक सापडलंय."

"अरे वा! कालपासून शोधतोय! कुठेय?"

मी सांगितलं. डॉक्टर इतके ओशाळले, की दाढेचा पुढचा सगळा इलाज फुकट करीन म्हणाले, आणि येत्या लढाईत दोन अवजड तोफा कमी घेईन, हेही कबूल केलं. मी मनातल्या मनात विजयाची तुतारी वाजवली.

सोमवारी चाक सुखरूप बाहेर आलं. सासऱ्यांनी ही बातमी नाश्त्यालाच सगळ्यांना सांगितली. डॉक्टरांनी ते परत मागितलं नाही.

पुढच्या रविवारी लढाई. माझ्या आठ करड्या तोफा नवऱ्या मुलीसारख्या नटून उभ्या! डॉक्टर मान खाली घालून आले. सासरेही कौतुकाने बघायला आले आणि खुर्ची ओढून सरळ डॉक्टरांच्या शेजारी बसले.

"बाबा, इकडे या! आपली बाजू ही!"

"नको," सासरे फासे खुळखुळवत म्हणाले. "ह्यांच्या तोफखान्याशी आता माझं आतड्याचं नातं जुळलंय!"

त्यांनी पहिल्याच फेकीत दोन सहा टाकले. दुसऱ्या फेकीत पुन्हा दोन. चाळीस मिनिटांत माझी आठवी तोफ उलटी पडली आणि डॉक्टरांनी सासऱ्यांना कायमचं सरसेनापती नेमलं.

माणसाने लग्नाआधी मुलीकडच्यांची नीट चौकशी करावी म्हणतात. मी सगळं विचारलं होतं हो! सासऱ्यांना फासे कसे पडतात, तेवढं राहून गेलं.